उसनी मेहनत

ही गोष्ट एका पट्ट्याची आहे. जगज्जेत्या हेवीवेट मुष्टियोद्ध्याने कमरेला बांधायचा पट्टा. खरं तर तीन संघटनांचे तीन पट्टे होते, पण गोष्टीपुरता आपण तो एकच धरू. १९९० ते १९९३ या चार वर्षांत तो चौघांच्या कमरेला बसला. चौघांच्याही अंगात देवाने हात सैल सोडून गुण घातले होते. तरीही पट्टा एकाकडून दुसऱ्याकडे का गेला, एवढंच सांगायचं आहे.

पहिला माइक टायसन. न्यूयॉर्कच्या ब्राउन्सव्हिल वस्तीतलं वाया गेलेलं पोर. कस डी'अमाटो नावाच्या म्हाताऱ्या गुरूने त्याला कॅटस्किल गावी आपल्या घरी ठेवून घेतलं, अंधार असताना पळायला पाठवलं, एकेक हालचाल घोटून घेतली. डी'अमाटो नोव्हेंबर १९८५मध्ये गेले. त्यानंतर वर्षभराने शिष्य जगज्जेता झाला, अवघ्या विसाव्या वर्षी. गुरूने घालून दिलेली घडी आणखी थोडे दिवस टिकली, कारण केव्हिन रूनी हा गुरुबंधू त्याच्या कोपऱ्यात उभा असायचा. जून १९८८मध्ये टायसनने मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस रूनीची गच्छंती झाली. मग कोपऱ्यात हो ला हो करणारे आले.

फेब्रुवारी १९९०. टोकियोत लढत ठरली. तोवर टायसनच्या ३७ लढती, ३७ विजय, त्यांतले ३३ प्रतिस्पर्ध्याला आडवं करून. टोकियोतल्या सरावात ग्रेग पेज नावाच्या जोडीदाराने त्याला एका ठोशात खाली बसवलं. पत्रकारांच्या देखत. इतर कोणी असता तर त्या रात्री त्याला झोप लागली नसती. टायसनला काही वाटलं नाही, आणि त्याच्या भोवतालच्यांनाही नाही. सतत जिंकणाऱ्या माणसाजवळ खरं बोलणारे फार दिवस टिकत नाहीत, हे आपल्याकडच्या कुठल्याही कारखान्यात, पक्षात किंवा नाटक कंपनीत दिसतं.

समोर होता जेम्स डग्लस. सगळे त्याला बस्टर म्हणत. ओहायोतल्या कोलंबसचा, सव्वासहा फुटांच्या वर उंची, टायसनपेक्षा फूटभर लांब हात. त्याचा बाप बिल डग्लस मिडलवेटमधला कडवा लढवय्या होता, अंगावर मार घेत पुढे जाणारा. पोराला बास्केटबॉल आवडायचा. तो हुशार होता, ठोसा सरळ आणि वेगवान होता, पण एखादी लढत मध्येच त्याच्या मनातून उतरायची. मे १९८७मध्ये जगज्जेतेपदासाठी टोनी टकरशी खेळताना तो बरोबरीने किंवा सरस चालला होता. दहाव्या फेरीत तो अचानक विझला. हात खाली आले, ठोसे बसत गेले, रेफरीने लढत थांबवली. दमला म्हणावं, तर त्याला कोणी एवढं दमवलं नव्हतं. त्याच रात्री, त्याच ठिकाणी टायसनची लढत होती. बॉक्सिंगवाल्यांनी डग्लसच्या नावापुढे खूण करून ठेवली: अंगात आहे, पण मनात नाही.

म्हणूनच टोकियोच्या लढतीवर पैज घ्यायलाही लास व्हेगासमधले बहुतेक सट्टेवाले तयार नव्हते. मिराज नावाच्या कॅसिनोने घेतली ती ४२ ला १ या भावाने.

लढतीच्या २३ दिवस आधी डग्लसची आई वारली. लुला पर्ल तिचं नाव. आपला पोरगा टायसनला हरवणार असं ती भेटेल त्याला सांगत फिरत असे, आणि लोक माऊली बोलते आहे म्हणून ऐकून घेत. त्याच सुमारास त्याची बायको घर सोडून गेली होती आणि त्याच्या मुलाची आई आजारी होती. लढत पुढे ढकलायची का, असं त्याला विचारलं गेलं. तो नको म्हणाला.

मग डग्लसने जी तयारी केली ती आधी कधी केली नव्हती. तो २३१.५ पौंडांवर आला, म्हणजे १०५ किलो. एवढ्या उंचीच्या माणसाला शोभेल असं बांधेसूद वजन.

११ फेब्रुवारीला, अमेरिकेतल्या टीव्हीच्या वेळेसाठी टोकियोत भर दुपारी लढत सुरू झाली. पहिल्या फेरीपासूनच डग्लसचा डावा हात टायसनच्या नाकासमोरून हलेना. टायसन पूर्वी डोकं हलवत, खाली वाकत आत शिरायचा. ते सगळं गेलं होतं. तो एकेका ठोशासाठी ताटकळत उभा राहत होता. पाचव्या फेरीपर्यंत त्याचा डावा डोळा बंद व्हायला लागला.

आता त्याच्या कोपऱ्यात काय चाललं होतं ते बघा. बॉक्सिंगमध्ये सूज दाबायला बर्फात ठेवलेला छोटा धातूचा तुकडा वापरतात. गल्लीतल्या स्पर्धेलाही तो पेटीत असतो. जगज्जेत्याच्या पेटीत तो नव्हता. आपल्या माणसाचा डोळा कोणी सुजवू शकेल, हे त्याच्या माणसांच्या ध्यानीमनीही नव्हतं. शेवटी त्यांनी एका रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरलं, तोंड बांधलं, आणि तो लिबलिबीत फुगा ते दर फेरीनंतर त्याच्या डोळ्यावर धरत राहिले. पाणी त्याच्या गालावरून ओघळत होतं. टायसन हरला तो तिथेच. बाकीच्या फेऱ्या केवळ वेळ लागला म्हणून झाल्या.

तरी आठव्या फेरीच्या अखेरीस टायसनचा एक उजवा ठोसा खालून वर आला आणि डग्लस पाठीवर पडला. जुना डग्लस तिथेच राहिला असता. या डग्लसने चिडून जमिनीवर मूठ आपटली आणि नवाच्या आकड्याला तो उभा राहिला. दहाव्या फेरीत त्याने हनुवटीखाली एक ठोसा घातला, पाठोपाठ चार, आणि माइक टायसन व्यावसायिक लढतीत पहिल्यांदा खाली गेला. गुडघ्यावर येऊन तो तोंडातून पडलेलं गमशील्ड चाचपडत होता. ते सापडलं, त्याने कसंबसं दातांत धरलं, एक टोक बाहेर लोंबत राहिलं, आणि तसाच तो रेफरीच्या मिठीत झुकला. एवढा मोठा योद्धा त्या क्षणी लहान मुलासारखा दिसत होता. मला आजही ते चित्र पाहवत नाही.

कसं जमलं, असं विचारल्यावर डग्लसने आईचं नाव घेतलं आणि तो रडू लागला.

बोधकथा लिहिणारे बहुतेक इथे थांबतात. दुबळा जिंकला, उन्मत्त हरला, मुलांनो घरी जा. गोष्टीचं तात्पर्य मी शेवटासाठी राखून ठेवत नाही, आत्ताच सांगतो: अंगचा गुण आयुष्यभर सोबत करतो, मेहनत मात्र रोज सकाळी शून्यापासून सुरू करावी लागते, आणि काल केलेली आज मोजली जात नाही. टायसनला हे एकेकाळी ठाऊक होतं, तो विसरला. डग्लसला ते तेवढ्यापुरतं उमगलं. पण त्याची मेहनत आईच्या मृत्यूकडून उसनी आणलेली होती. महिनाभर श्रावण पाळला म्हणून माणूस माळकरी होत नाही.

पुढचे आठ महिने डग्लसने काय केलं? सुरुवातीला दोष त्याचा नव्हता. टायसनचा आयोजक डॉन किंग याने आठव्या फेरीतली मोजणी लांबली असा कांगावा केला आणि दोन संघटनांनी काही दिवस निकाल लटकवून ठेवला. मग कोर्टकचेऱ्या झाल्या. सत्कार झाले, टीव्हीवर बोलावणी आली, कोलंबसमध्ये तो राजा झाला. पुढच्या लढतीचे त्याला सुमारे दोन कोटी चाळीस लाख डॉलर मिळणार होते. टोकियोत मिळाले होते त्याच्या कितीतरी पट. आणि ही लढत कुठे? ज्यांनी त्याच्यावर ४२ ला १ भाव लावला होता, त्याच मिराजमध्ये.

त्या माणसाला पळायला उठवणारं आता कोणी नव्हतं. आई नव्हती, आणि तिच्या जाण्याचं दुःखही आठ महिने जुनं झालं होतं. दुःख जुनं होतं हे चांगलंच आहे, नाहीतर माणसं जगलीच नसती. पण त्या दुःखाच्या जिवावर केलेली मेहनत त्याच्याबरोबरच ओसरते.

वजन करायच्या दिवशी डग्लस काट्यावर उभा राहिला. २४६ पौंड. टोकियोपेक्षा साडेचौदा पौंड जास्त, म्हणजे साडेसहा किलो, आणि ते कुठे साठले होते ते अंगरखा काढताच सगळ्यांना दिसलं. इतर खेळांत माणूस मेहनतीबद्दल खोटं बोलू शकतो. या खेळात आदल्या दिवशी सगळ्यांसमोर काट्यावर चढावं लागतं.

समोर होता तिसरा, इव्हँडर होलिफिल्ड. अटलांटाचा, २०८ पौंडांचा. टोकियोच्या लढतीला तो रिंगणाबाहेर प्रेक्षकांत बसला होता, कारण जूनमध्ये टायसनशी त्याची लढत ठरलेली होती. समोरच त्याचा ठरलेला प्रतिस्पर्धी आणि ठरलेले कोट्यवधी डॉलर खाली कोसळताना त्याने पाहिले. त्याने सराव चालूच ठेवला. तो मुळात खालच्या वजनगटातला. हेवीवेटमध्ये टिकायचं तर अंग भरायला हवं आणि तरी वेग जाता कामा नये. त्यासाठी त्याने वेगळा व्यायाम प्रशिक्षक ठेवला, ली हेनी या मिस्टर ऑलिम्पियाकडे वजनं उचलली, पायांची चपळाई राहावी म्हणून बॅले शिकवणारी बाईसुद्धा ठेवली. बॉक्सिंगवाल्यांनी त्यावर भरपूर विनोद केले. होलिफिल्ड बॅलेच्या वर्गाला जात राहिला.

हा माणूस काही संत नव्हता. कोट्यवधी डॉलर कमावून १०९ खोल्यांचं घर बांधलं आणि २०१२मध्ये कर्जापायी ते गमावलं. पैशाच्या बाबतीत त्याच्याकडे शिस्तीचा लवलेश नव्हता. उत्तेजकांच्या एका चौकशीत पुढे त्याचं नाव आलं, ते आरोप त्याने नाकारले. हे सांगायचं कारण असं की शिस्तीचा माणूस म्हणजे सर्वगुणसंपन्न माणूस नव्हे. रिंगणापुरती ती त्याच्याकडे होती, आणि आपली गोष्ट रिंगणापुरती आहे.

२५ ऑक्टोबर १९९०. लढत जेमतेम सात मिनिटं चालली. तिसऱ्या फेरीत डग्लसने लांबूनच उजवा ठोसा खालून वर मारायचा प्रयत्न केला. हा ठोसा जवळून मारायचा असतो. लांबून मारला तर पूर्ण तोंड उघडं पडतं. पण जवळ जायला पाय उचलावे लागतात. होलिफिल्ड अर्धं पाऊल मागे सरला आणि त्याने सरळ उजवा हात घातला. डग्लस पाठीवर पडला. मिल्स लेन रेफरी होते, त्यांनी आकडे मोजायला सुरुवात केली. पडल्यापडल्या डग्लसने हातमोज्याने तोंड पुसलं, आणि मोज्याकडे पाहिलं. तो शुद्धीवर होता. रक्त आलं का, ते बघत होता. टोकियोत त्याने याच हाताने जमीन बडवली होती. दहा आकडे झाले तरी तो उठला नाही.

लोकांनी त्याला भरपूर शिव्या घातल्या. मला वाटतं त्यांनी चुकीच्या क्षणासाठी घातल्या. त्या रात्री उठायचं की नाही हा निर्णय डग्लसने त्या जमिनीवर घेतलाच नव्हता. जुलै-ऑगस्टच्या कितीतरी सकाळी, अंथरुणात, तो आधीच घेऊन झाला होता.

पुढे त्याचं वजन वाढतच गेलं. १९९४मध्ये मधुमेहाने तो बेशुद्धावस्थेत रुग्णालयात दाखल झाला, मरता मरता वाचला. त्या धक्क्याने तो पुन्हा सराव करू लागला, वजन उतरवून १९९६मध्ये परत खेळला, काही लढती जिंकलाही. म्हणजे जिवावर बेतलं की त्याला सगळं जमत होतं. दोनदा जमलं. बेतलं नाही तेव्हाचीच अडचण होती. अलीकडे तो कोलंबसमध्येच मुलांना बॉक्सिंग शिकवतो.

आता चौथा. रिडिक बो, टायसनच्याच ब्राउन्सव्हिल वस्तीतला. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलं, पण अंतिम लढतीत लेनॉक्स लुईसने त्याला हरवलं आणि पोरगा आळशी आहे अशी हाकाटी झाली. त्याला शिकवायला कोणी तयार होईना. त्याचा व्यवस्थापक त्याला एडी फच यांच्याकडे घेऊन गेला. फच तेव्हा सत्तरी ओलांडलेले, जो फ्रेझियरसारख्या मुष्टियोद्ध्याला तयार केलेले. त्यांनी त्याला सरावासाठी नेवाडातल्या रीनो गावी ठेवलं. एके दिवशी त्यांनी बोला सांगितलं की उद्या मी नाही, तुझं तू पळून ये. आणि पहाटे ते स्वतः आडोशाला उभे राहून वाट बघत बसले, असं सांगतात. थोड्या वेळाने चढावरून बो एकटाच धापा टाकत पळत येताना दिसला. म्हाताऱ्याने त्या दिवशी ठरवलं की या पोराला शिकवायचं.

१३ नोव्हेंबर १९९२ला बोने होलिफिल्डला बारा फेऱ्यांत हरवलं. वजन २३५ पौंड. त्या लढतीची दहावी फेरी हेवीवेटच्या इतिहासातल्या सर्वोत्तम फेऱ्यांत गणली जाते, आणि ती पाहिलेला माणूस बोला पुन्हा आळशी म्हणणार नाही. पट्टा त्याच्या कमरेला आला. महिनाभरात लंडनमध्ये पत्रकारांसमोर त्याने तीनपैकी एक पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला, कारण त्या संघटनेला तो लुईसशी खेळायला हवा होता. मग जगभर दौरे झाले. पोपची भेट झाली, मंडेलांची झाली. मधल्या दोन लढती सोप्या होत्या, दोन्ही मिळून तीन फेऱ्यासुद्धा भरल्या नाहीत. सोप्या विजयात हेच वाईट असतं, तो तपासायला कोणाला सुचत नाही.

६ नोव्हेंबर १९९३ला होलिफिल्डशी पुन्हा गाठ पडली. वजनाच्या दिवशी बो काट्यावर उभा राहिला. २४६ पौंड. तोच आकडा, डग्लसचा. होलिफिल्ड हरल्यानंतर वर्षभर सराव करून बारा पौंड वाढवून आला होता, पण ते कमावलेले होते, साठलेले नव्हते. त्या रात्री सातव्या फेरीत एक माणूस पॅराग्लायडरसकट रिंगणाच्या दोरांवर येऊन आदळला आणि वीसएक मिनिटं खेळ थांबला. बोच्या लोकांना हरण्याला कारण हवंच असेल तर ते आयतं मिळालं. गुणांवर होलिफिल्ड जिंकला. पट्टा परत त्याच्याकडे.

बो पुढेही जिंकत राहिला, होलिफिल्डला १९९५मध्ये तिसऱ्या लढतीत आडवंही केलं. अंगात होतंच ना. पण सराव पातळ होत गेला. १९९६मध्ये आंद्रेई गोलोटा या पोलंडच्या खेळाडूने त्याला दोन लढतींत इतकं झोडपलं की पाहवत नव्हतं. दोन्ही वेळा गोलोटा कमरेखाली ठोसे मारून बाद झाला, म्हणून कागदावर बो जिंकला. कंटाळलेले फच अखेर बाजूला झाले होते.

आडोशाला उभं राहून बघणारं आता कोणी उरलं नव्हतं, आणि हे बोलाही कुठेतरी कळलं असावं. कारण फेब्रुवारी १९९७मध्ये, जगज्जेतेपद भोगलेला, खिशात लाखो डॉलर असलेला हा माणूस अमेरिकेच्या मरीन दलाच्या राखीव तुकडीत भरती झाला. पॅरिस आयलंडच्या छावणीत त्याचं डोकं भादरलं. तिथे पहाटे उठवतात, कधी जेवायचं ते सांगतात, कधी बसायचं तेही सांगतात. दोन आठवडेही झाले नसतील, त्याने घरी जायची परवानगी मागितली. मरीनवाल्यांनी ती लगेच दिली.